गोदाकाठची निश्चल बगळी आणि वांग वेईचा रिकामा डोंगर

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की छत्रपती संभाजीनगरात बसून प्राचीन चिनी कवितेवर बोलायचं कारण काय. कारण आपल्या भूगोलातच आहे. आपल्या शहरापासून दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. उत्तरेला शंभर किलोमीटरवर अजिंठा. पैठणशी 'गाथासप्तशती' या महाराष्ट्री प्राकृत संग्रहाचं नाव जोडलेलं आहे. अजिंठ्याशी एका चिनी प्रवाशाचं नाव जोडलेलं आहे. या दोन टोकांच्या मध्ये उभं राहिलं, की चिनी निसर्गकविता फार लांबची वाटत नाही.

चिनी अभिजात कवितेबद्दल आपल्याकडे एक ठरावीक समज आहे. डोंगर, धुकं, एक म्हातारा, एक होडी आणि भरपूर शांतता. तो समज अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आज मला एकच प्रश्न धरून बोलायचंय : कवितेत जेव्हा सगळं निश्चल होतं, पान हलत नाही, पक्षी हलत नाही, तेव्हा ती शांतता कुणाच्या उपयोगाची असते? हा प्रश्न चिनी कवितेला विचारता येतो, आणि तितकाच तो आपल्या गोदाकाठच्या गाथांनाही विचारता येतो.

आधी दोन संग्रहांची ओळख करून घेऊ.

चिनी कवितेचा सर्वांत जुना संग्रह म्हणजे 'शी चिंग', आपण त्याला 'गीतांचा ग्रंथ' म्हणू. यात ३०५ कविता आहेत. इतिहासकार सिमा च्येन, जो इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात होऊन गेला, तो सांगतो की मुळात तीन हजारांहून जास्त गीतं होती आणि त्यांतून कन्फ्यूशियसनं ही निवडली. नंतरच्या अभ्यासकांनी या आकड्यावर पुष्कळ शंका घेतल्या. पण गोष्ट टिकली.

आता आपल्याकडे या. 'गाथासप्तशती'च्या सुरुवातीलाच असा दावा आहे की एक कोटी गाथांमधून हाल राजानं सातशे निवडल्या. म्हणजे तिकडे तीन हजारांतून तीनशे, इकडे कोटीतून सातशे. अतिशयोक्तीत आपण पुढे आहोत, हे मान्य करायला हवं! पण दोन्ही गोष्टींचा आशय एकच आहे : लोकांमध्ये कविता अमाप होती, आणि एका मोठ्या माणसानं ती पारखून घेतली. संग्रहाला प्रतिष्ठा द्यायची ही दोन्ही संस्कृतींची रीत होती.

पुराणांतल्या राजांच्या यादीत हाल हा सतरावा सातवाहन राजा मानला जातो, आणि त्याच्या वाट्याला जेमतेम पाच वर्षांचं राज्य दिलंय. साधारणपणे त्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकात ठेवतात. पण संग्रह एका वेळी तयार होऊन बंद झाला असं नाही. पुढच्या काही शतकांत त्यात भर पडत गेली, काही गाथा गळाल्या. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० मध्ये आणि मग १८८१ मध्ये या गाथांचं संपादन केलं. त्यांनी वेगवेगळ्या परंपरांची हस्तलिखितं ताडून पाहिली, तेव्हा सगळ्या मिळून ९६४ गाथा भरल्या आणि सगळ्या परंपरांत समान अशा फक्त ४३० निघाल्या. म्हणजे 'सातशे' हा आकडा चौकटीसारखा आहे, आतली चित्रं बदलत राहिली. मराठीत याचं मोठं काम केलं ते स. आ. जोगळेकर यांनी, त्यांची 'गाथासप्तशती' १९५६ साली पुण्याहून आली. ज्यांना मूळ प्राकृत, मराठी अर्थ आणि लांबलचक प्रस्तावना असं सगळं एकत्र हवंय, त्यांनी ती ग्रंथालयातून जरूर काढावी.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या पैठणचं नाव या गाथांशी जोडलं जातं, ते काही शांत खेडं नव्हतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय, आणि इथून मौल्यवान दगड गाड्या भरभरून बंदराकडे जात असत असंही म्हटलंय. तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, तिथून आणखी दहा दिवसांच्या वाटेवर. टॉलेमीनं पैठणचा उल्लेख राजधानी म्हणून केला आहे. म्हणजे गाड्या, बैल, व्यापारी, जकात, गोंगाट. गाथांमध्ये मात्र शहर जवळपास नाहीच. तिथे आहेत शेतं, नांगर धरणारा हालिक, गावचा ग्रामणी, म्हणजे आजच्या भाषेत पाटील, त्याची सून, शिकारी, वाटसरू आणि गोदावरी. गोदावरीला गाथांत 'गोला' म्हणतात, फार जवळच्या माणसाला हाक मारावी तसं.

तिकडे चीनमध्येही हेच दिसतं. थांग राजवटीची राजधानी छांगआन हे त्या काळातलं जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. चिनी निसर्गकवितेतले पुष्कळ मोठे कवी या शहराशी, तिथल्या दरबाराशी, परीक्षांशी आणि नोकरीशी बांधलेले होते. शांततेची ओढ ज्याच्या कानात दिवसभर आवाज आहे त्याला जास्त लागते, हे तेव्हाही खरं होतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्यासाठी मी एकच गाथा घेणार आहे. पहिल्या शतकातली चौथी. इथे शतक म्हणजे शंभर गाथांचा गट. या गाथेत घडत काहीच नाही. तळ्यात कमळाचं हिरवं पान, त्यावर पांढरी बगळी, आणि ती अगदी निश्चल आहे. कवीनं तिला उपमा दिलीय रत्नाच्या हिरव्या भांड्यात ठेवलेल्या शंखाची. गाथा सुरू होते ती 'बघ' अशा अर्थाच्या एका छोट्या शब्दानं. बस, एवढंच. वृत्त आर्येच्या घराण्यातलं : पहिल्या अर्ध्यात तीस मात्रा, दुसऱ्यात सत्तावीस. सत्तावन्न मात्रांत सगळा कारभार आटोपला.

ही गाथा वाचून पहिल्यांदा काय वाटतं? सुंदर चित्र आहे. हिरव्यावर पांढरं. इथेच आपण थांबू शकतो, आणि थांबायला काही हरकत नाही.

पण अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचा साहित्यशास्त्री बसला होता. त्यानं 'काव्यप्रकाश'मध्ये ही गाथा घेतली आणि तिची एकेक पायरी उलगडली. बगळी हलत नाही, याचा अर्थ ती निर्धास्त आहे. निर्धास्त आहे, याचा अर्थ आसपास माणूस नाही. माणूस नाही, याचा अर्थ ही जागा एकांताची आहे. आणि एकांताची जागा एखादी स्त्री एखाद्या पुरुषाला 'बघ' म्हणून दाखवते, याचा अर्थ ती भेटीची जागा सुचवतेय. सगळं बोलणं बगळीबद्दल, आणि सांगायचं काही वेगळंच.

मम्मट इथेही थांबत नाही. तो म्हणतो, किंवा याचा अर्थ अगदी उलटा असेल. तो म्हणत असेल, 'मी आलो होतो इथे, तूच आली नाहीस.' आणि ती म्हणतेय, 'बघ, ती बगळी कशी बसलीय. कुणी आलं असतं तर उडाली नसती का? खोटं बोलतोस तू.' म्हणजे तीच निश्चल बगळी एका वाचनात आमंत्रण होते आणि दुसऱ्या वाचनात साक्षीदार होते. पहिलं वाचन आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. मला दुसरं जास्त आवडतं, कारण त्यात ती बाई वकिली करतेय, आणि पुरावाही पक्का आणलाय!

आता चीनकडे चला. 'शी चिंग'मधली पहिलीच कविता नदीतल्या बेटावर ओरडणाऱ्या पक्ष्यांपासून सुरू होते, आणि मग एकदम एका तरुण मुलीबद्दल, तिच्या ओढीबद्दल बोलू लागते. पक्षी आणि मुलगी यांचा संबंध कविता सांगत नाही. चिनी काव्यशास्त्रात या पद्धतीला एक नाव आहे : 'शिंग'. आपल्या बैलाच्या शिंगाशी त्याचा संबंध नाही. 'शिंग' म्हणजे निसर्गातली एखादी गोष्ट समोर ठेवून मनातली दुसरी गोष्ट जागी करणं. हान काळातल्या माओ परंपरेच्या भाष्यकारांनी त्या पक्ष्यांवर पुष्कळ खल केला आणि निष्कर्ष काढला की या कवितेत राणीच्या सद्गुणांचं वर्णन आहे.

म्हणजे बघा, दोन संस्कृती, दोन नद्या, दोन पक्षी. दोन्हीकडे कवीनं पक्षी दाखवला आणि गप्प बसला. दोन्हीकडे शतकांनंतर भाष्यकार आले आणि पक्ष्याला बोलतं केलं. पण कुठल्या दिशेनं? चिनी भाष्यकारांनी पक्ष्याला राजवाड्यात नेलं, नीतीचा धडा बनवलं. काश्मिरी पंडितांनी बगळीला तळ्यावरच ठेवलं आणि दोन माणसांचं चोरून चाललेलं बोलणं ऐकलं. पंडितांच्या हातून हे झालं, याचं श्रेय आपण त्यांना द्यायला हवं.

आता चिनी शांततेचा जो सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे त्याकडे वळू. कवी वांग वेई. जन्म इ. स. ७०१ च्या आसपास, मृत्यू ७६१. कवी, चित्रकार, संगीताचा जाणकार आणि सरकारी अधिकारी. छांगआनच्या आग्नेयेला डोंगरात, वांग नदीच्या खोऱ्यात त्याची जागा होती. तिथल्या वीस ठिकाणांवर त्यानं वीस छोट्या कविता लिहिल्या, आणि फेई ती या मित्रानं त्याच वीस ठिकाणांवर आपल्या वीस. यातली एक कविता हरणांच्या कुंपणाच्या नावानं ओळखली जाते. चार ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं, एकूण वीस अक्षरं. आपली गाथासुद्धा तिच्यापुढे ऐसपैस वाटावी इतकी लहान.

तिच्यात काय आहे? डोंगर रिकामा आहे, माणूस दिसत नाही. पण कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येतो. मग दाट रानात परतून आलेला उजेड शिरतो आणि शेवाळावर पडतो. इतकंच. १९८७ मध्ये एलियट वाइनबर्गर या अमेरिकी लेखकानं या एका कवितेच्या एकोणीस भाषांतरांवर एक छोटं पुस्तक काढलं. त्यातली मोठी अडचण अशी की मूळ कवितेत 'मी' नाही. कोण बघतंय, कोण ऐकतंय, हे चिनी व्याकरणात सांगावं लागत नाही. भाषांतरकार मात्र पुन्हा पुन्हा 'मी' आणून बसवतात, आणि तो आला की डोंगर रिकामा राहत नाही.

इथे आपल्याला गाथेपासूनचा पहिला मोठा फरक दिसतो. वांग वेईच्या कवितेत बघणारा विरघळून गेलाय. गाथेत 'बघ' आहे. 'बघ' म्हटलं की सांगणारं माणूस आलं आणि ऐकणारं माणूस आलं. गाथांमधला निसर्ग क्वचितच एकटा असतो. कुणीतरी कुणाला तरी तो दाखवत असतं : मैत्रीण मैत्रिणीला, सून सासूला ऐकू जाईल अशा बेतानं वाटसरूला, नवरा बायकोला.

वांग वेईच्या या विरघळण्यामागे बौद्ध विचार आहे, आणि तो आपल्या देशातून गेलेला आहे. 'विमलकीर्तिनिर्देश' हे महायान सूत्र कुमारजीवानं ४०६ साली चिनी भाषेत आणलं. त्यातला विमलकीर्ती हा भिक्षू नाही, घरसंसार असलेला व्यापारी गृहस्थ आहे. अद्वैत म्हणजे काय, असा प्रश्न निघतो. सगळे बोधिसत्त्व आपापलं उत्तर देतात. विमलकीर्तीची पाळी येते तेव्हा तो काहीच बोलत नाही, आणि तेच सर्वांत चांगलं उत्तर ठरतं. चिनीत विमलकीर्तीचं नाव 'वेइमोच्ये' असं होतं. आपल्या कवीचं नाव वेई, आणि त्यानं उपनाव घेतलं 'मोच्ये'. दोन्ही जोडा : वेइमोच्ये. नोकरीत राहून, संसारात राहून मौन साधणाऱ्या माणसाचं नाव त्यानं स्वतःवर लिहून घेतलं.

आता अजिंठ्याचा दुवा. वांग वेईच्या जन्माआधी साधारण साठ वर्षं, इ. स. ६४१ च्या सुमाराला, युआन श्वांग महाराष्ट्रात आला. जुन्या पाठ्यपुस्तकांत आपण त्याला ह्युएन त्संग म्हणायचो. तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. ते आपण सगळीकडे अभिमानानं सांगतो. पण त्यानंच राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात, खोल दरीत कोरलेल्या एका विहाराचं वर्णन केलंय, ज्याच्या दाराशी दगडी हत्ती होते. ते वर्णन अजिंठ्याचं असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही आहेत. सव्वीसाव्या लेण्यातल्या शिलालेखात एका स्थविराचं नाव येतं : अचल. जो हलत नाही तो.

युआन श्वांग ६४५ मध्ये परतला तेव्हा त्यानं सोबत ६५७ ग्रंथ नेले असं सांगतात. सूत्रं होती, तर्कशास्त्र होतं, व्याकरण होतं. पुढे त्यानं 'विमलकीर्तिनिर्देश'चं स्वतः नवं भाषांतरही केलं. पण गोदाकाठची बगळी त्याच्या पेटाऱ्यात नव्हती. हे स्पष्ट सांगतो, कारण अशा व्याख्यानांत 'आपल्याकडूनच गेलं' असं म्हणून टाळ्या घेणं सोपं असतं. विचार गेला, ग्रंथ गेले. गाथा गेल्या नाहीत. साम्य आहे ते देवाणघेवाणीमुळे नव्हे, म्हणूनच ते जास्त विचार करायला लावतं.

साम्य नेमकं कुठे आहे? दोन्ही कवितांत शांतता मोजायचं माप एकच आहे : माणूस नसणं. वांग वेईच्या डोंगरात माणूस दिसत नाही. गाथेतली बगळी हलत नाही, कारण माणूस फिरकलेला नाही. दोघांनाही निर्जन जागा हवीय. फरक एवढाच की वांग वेईला ती हवीय एकटं असण्यासाठी आणि गाथेतल्या बाईला ती हवीय दोघं असण्यासाठी.

हा फरक छोटा वाटतो, पण त्यात समाज भरलेला आहे. गाथांमधल्या घराची कल्पना करा. एकत्र कुटुंब, सासू, दीर, जाऊ, वाटसरूही ओसरीवर मुक्कामाला. दाराला कान. तिथे बाईला स्वतःची अशी जागा घरात नाही. ती जागा घराबाहेर आहे : तागाचं उंच शेत, कापसाचं रान, साळीचं पीक, गोदेकाठची झाडी. निसर्ग हा गाथांत देखावा म्हणून येतो, पण त्याआधी तो आडोसा म्हणून येतो.

एका गाथेत साळीची शेतं पिकून पांढुरकी व्हायला लागलीत आणि एक बाई मान खाली घालून रडतेय. पीक आलं, घरात धान्य येणार, आनंद व्हायला हवा. मग रडतेय का? कारण कापणी झाली की आडोसा गेला. मैत्रीण तिची समजूत काढते, अगं, तागाचं शेत अजून उभं आहे. मला ही गाथा अर्थशास्त्राचा धडा वाटते. ज्या कापणीनं घर भरतं, तीच कापणी एका माणसाची खोली काढून घेते, आणि हे नुकसान कुठल्याच हिशेबात लिहिलं जात नाही.

दुसरी गाथा तर साहित्यशास्त्रात इतकी गाजली की नवव्या शतकातल्या आनंदवर्धनापासून प्रत्येकानं तिच्यावर लिहिलं. गोदेकाठच्या झाडीत एक धार्मिक गृहस्थ रोज फुलं तोडायला येतो. तिथल्या कुत्र्याला तो घाबरतो. एक बाई त्याला सांगते, महाराज, आता खुशाल फिरा, त्या कुत्र्याला झाडीतल्या सिंहानं मारलं. शब्दांत 'फिरा' आहे, अर्थ 'फिरकू नका' असा आहे. तिला त्या झाडीची शांतता टिकवायचीय. धर्माच्या नावानं येणाऱ्या माणसाला ती थेट 'येऊ नका' म्हणू शकत नाही. मग ती सिंह उभा करते. ज्याच्याकडे सत्ता नसते त्याला शांतता अशी युक्तीनं राखावी लागते.

आता परत वांग वेईकडे बघा. त्याच्या डोंगराची मालकी त्याची होती. ही जागा त्याआधी सुंग चिवेन नावाच्या कवी-अधिकाऱ्याची होती, ती वांग वेईकडे आली. त्याला आडोसा मागावा लागत नव्हता. म्हणून त्याची कविता खोटी ठरते असं मी म्हणत नाही. ७५५ मध्ये आन लूशानचं बंड झालं, वांग वेई बंडखोरांच्या हाती सापडला, त्याला त्यांच्या राजवटीत पद घ्यावं लागलं, आणि बंड मोडल्यावर त्याच गोष्टीसाठी त्याच्यावर ठपका आला. मालकीचा डोंगरही माणसाला इतिहासापासून वाचवत नाही.

आणि सगळेच चिनी कवी मालक नव्हते. लिउ त्सुंगयुआन घ्या. ८०५ साली दरबारातल्या सुधारणांचा प्रयत्न फसला आणि त्याला दक्षिणेत युंगचोला पाठवण्यात आलं. तिथे त्यानं बर्फातल्या नदीवर एक कविता लिहिली, तीही वीस अक्षरांची. डोंगरांवर पक्षी नाहीत, वाटांवर पाऊलखुणा नाहीत, आणि एका होडीत एक म्हातारा गळ टाकून बसलाय. चित्र म्हणून हे इतकं लोकप्रिय झालं की शेकडो चित्रकारांनी ते काढलं. पण ती शांतता बदलीवर पाठवलेल्या, विसरल्या गेलेल्या माणसाची आहे. तिथे पक्षी निर्धास्त बसलेला नाही, पक्षीच नाही. मम्मटानं ही कविता वाचली असती तर त्यानं कुठली पायरी काढली असती, असा विचार मी कधीकधी करतो.

म्हणजे आपल्यासमोर आता तीन शांतता आहेत. मनातला 'मी' सैल करणारी वांग वेईची, शिक्षा म्हणून वाट्याला आलेली लिउ त्सुंगयुआनची, आणि दोन माणसांनी चोरून मिळवलेली गोदाकाठची. तिघींचं चित्र जवळपास सारखं दिसतं. म्हणून नुसतं चित्र बघून 'किती शांत!' म्हणणं पुरत नाही.

इथे आपल्या मराठी भाषेनं एक चौथं वाचन आधीच करून ठेवलंय, ते विसरू नका. आपण म्हणतो 'बकध्यान'. बगळा एका पायावर उभा, डोळे अर्धे मिटलेले, आणि लक्ष माशावर. गोदेकाठच्या भोयाला ती निश्चल बगळी दाखवा. तो ना एकांत म्हणेल, ना समाधी. तो म्हणेल, इथे मासा आहे. बगळी निर्धास्त असल्यामुळे हलत नाही, हे मम्मटाचं म्हणणं. भुकेली असल्यामुळे हलत नाही, हे भोयाचं. पक्षिशास्त्र भोयाच्या बाजूनं आहे. पण गंमत अशी की दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. माणूस आसपास वावरत असता तर तिला शिकारही साधली नसती.

गाथांमधल्या निसर्गाचा आणखी एक धागा सांगतो आणि शेवटाकडे येतो. तो पावसाचा. चिनी कवितेत वियोग बहुधा शरद ऋतूत होतो : चंद्र, थंडी, जंगली हंसांची रांग. आपल्याकडे वियोग पहिल्या ढगाबरोबर येतो. गाथांमधला पथिक पाऊस सुरू होण्याआधी घरी पोचायला धडपडतो, कारण पावसाळ्यात वाटा बंद होतात, नद्या अडवतात. दारात उभी असलेली बायको ढग बघते आणि दिवस मोजते. हे आपल्याला जुनं वाटायचं कारण नाही. मराठवाड्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्याचा पट्टा पडला की पावसाच्या आत गावी परततात. दोन हजार वर्षांत प्रवासाचं कारण बदललं, परतीची तारीख अजून ढगच ठरवतात. फरक एवढा, की आता पुष्कळदा नवराबायको दोघंही जातात, आणि मागे वाट बघत राहतात ती मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांच्या गाथा कुणी गोळा केलेल्या नाहीत.

आणि गोदावरी? गाथांमधली गोला आज पैठणला शोधायची तर नाथसागर दिसतो. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, १९७६ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. त्या पाण्यानं मराठवाड्याला शेती दिली, आपल्या शहराला प्यायचं पाणी दिलं. आपण त्याच पाण्यावर जगतो. त्याच पाण्याखाली वरच्या बाजूची कित्येक गावं आणि काठची झाडी गेली. १९८६ मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे बगळ्यांसाठी निर्जन जागा आता सरकारी अधिसूचनेनं राखलेली आहे. मम्मटाच्या पायऱ्या अजून लागू पडतात : पक्षी निर्धास्त आहे, कारण माणूस नाही, माणूस नाही, कारण गाव पाण्याखाली आहे. प्रत्येक शांततेमागे कोण नाही, हे विचारायची सवय या एका गाथेनं आपल्याला लावली तरी पुष्कळ झालं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यासाठी रंगनाथ पठारे समितीनं जे पुरावे मांडले त्यांत 'गाथासप्तशती'ला मोठं स्थान होतं. याचा आनंद आहेच. पण पुरावा म्हणून दाखवलेला ग्रंथ आणि वाचलेला ग्रंथ यांत अंतर असतं. आपण गाथेचा उपयोग जन्मदाखल्यासारखा केला. वय सिद्ध झालं, दाखला फाइलला लागला. चीनमध्ये शाळकरी मुलांना वांग वेईची ती वीस अक्षरं पाठ असतात. आपल्याकडे पैठणच्या मुलाला त्या बगळीची गाथा भेटते का?

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवलीय, ती वाचतो : 'गाथांमध्ये इतका शृंगार आहे, चोरट्या भेटी आहेत, मग मुलांना त्या शिकवायच्या कशा?' चांगला प्रश्न आहे. माझं उत्तर असं, की बगळीच्या गाथेत शृंगाराचा एकही शब्द नाही. तो मम्मटानं ऐकला. सातवीच्या मुलाला तीच गाथा द्या आणि विचारा, ती हलत का नसेल? कुणी म्हणेल झोपलीय, कुणी म्हणेल मासा बघतेय, कुणी म्हणेल तिथे कुणी जातच नसेल. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि मम्मटाच्या पहिल्या दोन पायऱ्या ते मूल स्वतःच चढलेलं असेल. उरलेली पायरी वय आल्यावर त्याची त्याला सापडेल. हस्तलिखितांच्या परंपरेत रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी अशी काही कवयित्रींची नावंही गाथांपुढे दिलेली आहेत; ती नावं मुलांना सांगा. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नदीकाठी बायका कविता करत होत्या असं परंपरा मानते, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही.

वेळ संपत आलीय. पुढच्या वेळी पैठणला जाल तेव्हा नाथमंदिर होईल, पैठणीची खरेदी होईल, संत ज्ञानेश्वर उद्यानही होईल. त्यातून अर्धा तास काढून पाण्याच्या कडेला जा. पांढरा बगळा नक्की दिसेल. तो कशासाठी थांबलाय हे चटकन ठरवू नका.